सासू चालेल

माघ उतरणीला लागला तरी दापोऱ्यात सकाळी तापीकडून येणारा गारठा हाडात घुसत होता. धुरपदाबाई केळीच्या बागेत वाकून बुंध्याशी फुटलेली पिलं कापत होती आणि कापता कापता गळा काढून रडत होती. शेजारच्या वावरातल्या बायांना तिनं आधीच बजावलं होतं, "घाबरू नका व, हे कामाचं रडनं आहे!"

काम बऱ्हाणपूरच्या एका नव्या मेडिकल कॉलेजातलं. माणूस गेल्याची बातमी घरच्यांना कशी द्यायची, हे शिकणाऱ्या पोरांना येत नव्हतं. म्हणून गावातली माणसं बोलवायची, त्यांना नातेवाईक करायचं आणि पोरांनी त्यांना खोटी बातमी द्यायची. मयताला धुरपदाबाईसारखं रडणारं पंचक्रोशीत कोणी नाही, ही कीर्ती तिथवर पोचली होती. नवरा लोटू तिला मोटारसायकलवर बसवून घेऊन गेला.

शिकवणाऱ्या ज्योत्स्ना मॅडमनी प्रसंग समजावला, "तुमचे मिस्टर ऑपरेशनमध्ये वारले."

धुरपदाबाई ताडकन उठली. "आमचे हे बाहेर फाटकाशी जिते बसले आहेत!"

"अहो, नाटक आहे हे."

"नाटकात बी कुंकू माझंच ना? असं बोललेलं लागतं, मॅडम. मी नाही ऐकून घेनार."

पोरांची यावरच परीक्षा होती आणि ती सुरू व्हायची वेळ झाली होती. मॅडम वैतागल्या. "मग कोणाला मारू?"

धुरपदाबाईनं फार विचार केला नाही. "सासू चालेल."

पोरं एकेक करून आली. खुर्ची पुढे ओढून, शिकवल्याप्रमाणे तिच्या खांद्यावर हात ठेवून सासू गेल्याचं सांगू लागली. ती शांतपणे ऐके आणि विचारी, "बरं. जेवल्या होत्या का?"

"बाई, रडा ना!" मॅडम कोपऱ्यातून कुजबुजल्या.

"जोर लावते आहे, मॅडम. सवय नाही ना तिच्यासाठी रडायची."

मग गौरव आला. त्यानं रात्रभर नवरा गेल्याचा जुनाच प्रसंग घोकला होता. बदल सांगितला तेव्हा तो पाणी प्यायला गेला होता. त्यानं हात जोडले. "माताजी, हमें बहुत अफ़सोस है। आपके पति अब इस दुनिया में..."

धुरपदाबाईनं त्याची कॉलरच धरली. "तोंड सांभाळ, मुडद्या! कोन म्हनतो? परत बोल, जीभ हासडते!"

"सॉरी आंटी! ज़िंदा हैं, ज़िंदा हैं! एकदम ठीक हैं!"

मॅडम हरखल्या. "वा! आधी नकार, मग राग. दुःखाच्या पायऱ्या अगदी पुस्तकातल्यासारख्या!" गौरवला सगळ्यांत जास्त मार्क मिळाले. मेलेला पेशंट पुन्हा जिवंत केल्याबद्दल एकही कापला गेला नाही.

चहा येत होता, पण धुरपदाबाई थांबली नाही. धावतच फाटकाशी गेली. लोटू बाकावर आडवा, तोंडावर गमछा, हालचाल नाही.

"अहो!"

तिनं गमछा ओढला. लोटू डोळे चोळत उठला. "काय व? कोन मेलं?"

"तुमची माय."

"आँ?"

"खोटी खोटी. चला घरी."

घरी ओट्यावर सासू ऊन खात बसली होती. "काय काम दिलं व शहरात?"

"काही नाही, माय. नुसतं बसायचं होतं." धुरपदाबाई तिच्याकडे न बघता आत गेली, परात ओढली आणि सासूच्या आवडीच्या भाकरीसाठी ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ मळायला बसली.