गडग्यातला फेरीवाला

मी जिथे कामाला जाते त्या शायरमध्ये एका घोड्याला पाटी आहे. शायर म्हणजे आपल्याकडचा तालुका समजा. घोडा कुठलीतरी रेस जिंकला होता, म्हणून गावाच्या तोंडाशी पितळी पाटी, भोवती गुलाब, शेजारी बाक. पहिला मेंढपाळ तंबू ठोकून झोपला तिथे पाटी. पहिलं चर्च जळालं तिथे पाटी, दुसरं बांधलं तिथेही पाटी. गोरे येण्याआधी ज्यांची ही जमीन मुळात होती, त्या लोकांसाठी एकच पाटी आहे, आणि ती सार्वजनिक संडासाच्या मागे. वाढवून सांगत नाहीये. जाऊन बघा.

आम्ही एका फेरीवाल्यासाठी पाटी मागितली, तेव्हा उत्तर आलं: पुरावा आणा.

मी होम केअरमध्ये आहे. दर गुरुवारी घरून, टार्निटहून, गाडी काढायची, वेरिबी मागे टाकायचं, मग दोन्ही बाजूंना नुसतं माळरान आणि मेंढ्या. शेवटच्या फार्मवर एकटी राहणारी एक आजी, तिच्याकडे माझी सकाळची शिफ्ट. तोंडावर मी तिला नावानेच हाक मारायचे, इथे तशीच पद्धत. मनात मात्र आजी. तिची आंघोळ, गोळ्या, नाश्ता झाला की ती मला खिडकीपाशी बसवून बोलत राहायची.

फार्म विकायचं ठरलं होतं. तिथे आता आमच्या टार्निटसारखी घरं होणार होती, आणि आजी नर्सिंग होममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात, जाणार होती. त्याबद्दल तिची काही तक्रार नव्हती. तिला जाण्याआधी एकच गोष्ट हवी होती.

तिची आई लहान असताना दर वर्षी लोकर कातरून झाली की एक हिंदुस्थानी फेरीवाला घोडागाडी घेऊन यायचा. कापड, सुया, बटणं, रिबिनी. घरापुढच्या दगडी भिंतीच्या आडोशाला मुक्काम करायचा, लोखंडी पत्र्यावर भाकऱ्या भाजायचा. एका वर्षी तो तापाने फणफणलेलाच आला. आजीची आई भिंतीवरून त्याला पाण्याचा तांब्या द्यायची. दोन दिवस दिला. तिसऱ्या दिवशी घरच्यांनी तिला खोलीत कोंडलं, रोग लागेल म्हणून. संध्याकाळी तो मेला. पोलिसाने प्रेत नेलं. कुठे पुरलं ते कोणी लिहून ठेवलं नाही. त्या काळात सगळ्या फेरीवाल्यांना गावात एकच टोपणनाव होतं. त्याचं खरं नाव कोणाला माहीत नव्हतं.

"आई मरताना पण त्या तांब्याचंच बोलत होती," आजी म्हणाली. "मी तिला शब्द दिलाय. तिथे काहीतरी लिहून ठेवीन म्हणून."

एवढं ऐकल्यावर मी गप्प बसणारी नाही. पुण्यात कॉलेजच्या गेटवर पत्रकं वाटत मी मोठी झाले. पत्रक लिहायचा पहिला नियम: शंका लिहायची नाही. शंका आली की लोक पत्रकाचं विमान करतात.

आजी सांगत होती, "संध्याकाळी हातपाय धुवायचा, चटई अंथरायचा, आणि मावळतीकडे तोंड करून..." आणि माझं पेन सुसाट सुटलं. हातपाय धुणं, मावळती, चटई: माझ्या डोळ्यांसमोर थेट आजोबांची पळी-पंचपात्री. मी लिहिलं, संध्यावंदन करणारा धर्मनिष्ठ हिंदू. दुसऱ्या खर्ड्यात तो मराठी झाला. तिसऱ्या खर्ड्यात तो कोकणातला झाला, कारण समुद्र ओलांडून आला म्हणजे कोकणातलाच असणार, नाही का? वर मथळा: "या शायरचा पहिला मराठी माणूस, आणि त्याला एक पाटीही नाही!" उद्गारचिन्ह माझंच.

आमच्या मराठी मंडळाने ते पत्रक डोक्यावर घेतलं. अध्यक्षकाका पुण्याचे इंजिनियर, कामाला वाघ. त्यांनी आठवड्यात ग्रॅनाइटचा दगड ठरवला आणि मजकूर मला पाठवला. सर्वात वर ॐ. खाली "यांच्या शुभहस्ते". त्याखाली "सौजन्य" आणि अख्खी कार्यकारिणी. फेरीवाला तळाशी, बारीक अक्षरात.

"काका, दगड फेरीवाल्याचा आहे की कमिटीचा?"

"अगं, कोनशिला अशीच असते. देणाऱ्यांची नावं नकोत? उद्या कोण देईल?"

मी चिडले, पण मजकूर बदलून घेतला नाही. दगड मिळत होता ना. पत्रकानंतरची ही माझी दुसरी चूक.

शायरच्या हेरिटेज समितीची मीटिंग गावच्या हॉलमध्ये. आजीलाही मी बरोबर नेलं होतं. चहा, स्कोन नावाचे गोडसर पाव, घोड्याचा फोटो. समितीचे सचिव रिटायर्ड मास्तर. त्यांनी माझं पत्रक उभं राहून मोठ्याने वाचलं, मुलाचा निबंध वाचावा तसं.

"मराठी होता, हे कशावरून?"

मी बोलले. भरपूर बोलले. वसाहतवाद, वंशवाद, घोडा, संडास, सगळं आलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि आजीकडे वळले. "तुमच्या आईंनी नक्की काय पाहिलं होतं?"

"चटईवर कपाळ टेकवायचा," आजी म्हणाली. "दिवसातून पाचेक वेळा. आणि कोंबडी स्वतःच कापायचा. आमच्या घरचं मटण दिलं तर हात जोडून परत करायचा."

हॉलमध्ये कोणीतरी फिसकन हसलं. 

"म्हणजे हा माणूस मुसलमान होता," मास्तर म्हणाले, "आणि अर्जदारांच्या पत्रकात तो हिंदू पुरोहितासारखा आहे. अशा माहितीवर आम्ही पाटी लावू शकत नाही." अर्ज नामंजूर. पुढचा विषय, बाकाचा रंग.

गाडीत मी म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे? मी मावळती म्हटलं आणि तू लिहायला लागलीस." मग जाता जाता तिने घोड्याच्या पाटीकडे बोट दाखवलं. "त्या घोड्याच्या पाटीवर लिहिलंय, तो कधी हरला नाही. हरायचा की! माझ्या वडिलांनी त्याच्यावर पैसे घालवलेत. तू पण त्यांच्यातलीच, लव्ह."

तो 'त्यांच्यातलीच' शब्द लागला. अजून लागतो. समितीने त्या माणसाला विसरून टाकलं होतं. मी त्याला चक्क बाटवलं होतं. शिवाय आजीच्या आईचं खरं जे होतं, तेही माझ्या खोट्याबरोबर फेकलं गेलं.

काकांचा फोन आला. "अगं, तो मुसलमान निघाला म्हणे."

"निघाला काय? तो होताच."

"मग आता लोकांना काय सांगू? ॐ कोरून झालाय."

"सांगा की हिने खोटं लिहिलं. माझं नाव घालून सांगा. आणि पाटी त्याचीच लागायला हवी, हेही सांगा."

"मंडळ यात पडणार नाही, बाळा. हे बघ, भावना समजून घे."

"भावना समजल्या, काका. तो ग्रॅनाइट गणपतीच्या स्टेजला लावा." मी फोन ठेवला. पुढच्या रविवारी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मीच लिहिलं, चूक कुठे झाली ते ओळीने. दोघांनी अंगठा दाखवला. बाकीच्यांनी नवरात्रीच्या भोंडल्याचा विषय काढला.

तीन आठवड्यांनी आजीला शायरचं पत्र आलं, त्याच समितीच्या शिक्क्याचं. घरापुढची भिंत ऐतिहासिक आणि संरक्षित. तिचा एक भाग ढासळलेला आहे. विक्रीपूर्वी मूळच्याच दगडांनी तो दुरुस्त करावा; दुरुस्तीला वेगळी परवानगी लागत नाही. समितीच्या परवानगीशिवाय भिंतीतला एकही दगड काढता येणार नाही.

आजीने पत्र दोनदा वाचून घेतलं. मग तिला हसू आवरेना, इतकं की मी पाणी आणायला उठले.

"मूळच्याच दगडांनी," ती डोळे पुसत म्हणाली. "ऐकलंस ना? मग चल, त्यातला एक निवडू."

चुना-सिमेंट न लावता रचलेल्या अशा भिंतीला कोकणात गडगा म्हणतात. ढासळलेल्या ढिगातून तिने काठीने एक काळा, सपाट तोंडाचा दगड दाखवला. मी तो डिकीत घालून वेरिबीला थडग्यांचे दगड कोरणाऱ्याकडे नेला.

"नाव?" त्याने विचारलं.

"माहीत नाही."

"तारीख?"

"तीही नाही."

"मग कोरू काय, मेट?"

मी कागद पुढे केला. मजकूर आजीने सांगितलेला. मी "वंशवादाचा बळी" एवढं वाढवायला गेले होते, तर तिने वहीच ओढून घेतली. कागदावर इंग्रजीत एवढंच होतं: इथे एक फेरीवाला दर वर्षी उतरायचा. इथे तो नमाज पढायचा. इथेच तो आजारी पडून वारला. त्याचं नाव आम्ही विचारलं नाही.

भिंत रचायला मला दोन रविवार लागले. आजी खुर्ची टाकून बसायची आणि हुकूम सोडायची. मोठे दगड खाली. प्रत्येक दगड खालच्या दोघांवर बसला पाहिजे. पोटात बारीक दगड ठासून भर, नाहीतर भिंत फुगते. "उचललास तो ठेव! खाली टाकू नको, निवडत बसशील तर ख्रिसमस येईल." माझी नखं गेली, कंबर गेली. कोरलेला दगड तिच्या सांगण्यावरून कमरेच्या उंचीवर बसवला, अक्षरं रस्त्याकडे. त्यावर तीन थर चढवले. वरून आडवे जड दगड.

विक्रीच्या आधी मास्तर तपासणीला आले, टेप घेऊन. उंची मोजली, रुंदी मोजली. मग त्या दगडापाशी थांबले आणि चष्मा काढून वाचलं. पुन्हा वाचलं.

"हा मूळचा दगड नाही."

"मूळचाच आहे," आजी म्हणाली. "अक्षरं नवी आहेत."

"याला परवानगी घ्यायला हवी होती."

"दुरुस्तीला परवानगी लागत नाही. तुमच्याच पत्रात लिहिलंय. आणि काढायचा असेल तर अर्ज करा. फॉर्म तुमच्या ऑफिसात मिळतो." मग माझ्याकडे मान वळवून म्हणाली, "आणि पुरावे जोडा म्हणावं."

मास्तरांनी टेप गुंडाळली. वहीत काहीतरी लिहिलं आणि गाडीत बसले.

आजी आता होममध्ये असते. भिंतीच्या पलीकडे जेसीबी आलेत. पहिलं घर उभं राहतंय. गडगा जागच्या जागी आहे, आणि दगडही. मास्तरांचा अर्ज अजून आलेला नाही. आला, तर त्या मीटिंगला मी जाणार. या वेळी हातात पत्रक नसेल. जेवढं माहीत आहे तेवढंच बोलेन, आणि तेवढं ऐकल्याशिवाय त्यांना बाकाच्या रंगाकडे जाऊ देणार नाही.