वाढत्या अंगाची रायफल

दर रविवारी काकू वॉशिंग मशीनमधून कपडे काढतात तेव्हा ड्रममध्ये एखादी पितळी पुंगळी खडखडते. गोळी उडून गेल्यावर काडतुसाचं जे रिकामं कवच उरतं, ते. काकांच्या खिशात राहिलेलं. "लोकांच्या खिशात सुट्टे पैसे सापडतात, रुमाल सापडतो. यांच्या खिशात हे!" असं म्हणून काकू ती पुंगळी खिडकीतल्या बरणीत टाकतात. या घरातले रायफलीचे किस्से असेच साठत गेले. कुणी मुद्दाम जमवले नाहीत, धुताना सापडले.

मी लग्न होऊन अमेरिकेत, शॉमबर्गला आले त्याला आता आठ महिने झाले. दिगूकाका हे माझ्या नवऱ्याचे, निनादचे, सख्खे काका. मूळचे नागपूरचे, पस्तीस वर्षं इथे, आता रिटायर्ड. त्यांची नात इरा बारा वर्षांची. "बारा पूर्ण झाली की नोव्हेंबरात विस्कॉन्सिनला हरणाच्या शिकारीला नेईन," असा शब्द काकांनी तिला दिला होता. तिने शिकारीचा सेफ्टी कोर्स पास केला. नियमाप्रमाणे शिकारीत मुलाच्या शेजारी हाताच्या अंतरावर मोठं माणूस लागतं, ते म्हणजे काका. राहिलं होतं एकच: तिच्या खांद्याला सोसेल असं काडतूस ठरवायचं.

जूनमध्ये सुरू झालेलं ते ठरवणं ऑक्टोबरपर्यंत चाललं!

मला नेमबाजीच्या रेंजवर वही दिली होती. कितवी गोळी, कुठे लागली, ते लिहायचं. "बोलत नाही म्हणजे नीट बघत असेल," असं काकांचं मत. रेंजवर सगळ्यांच्याच कानांवर आवाज अडवणारे मफ असतात, त्यामुळे मला घुमी म्हणणारं तिथे कुणी नसतं. आवडते मला ती जागा.

*

निनादने अर्थातच एक्सेल केलं. चौदा काडतुसं. गोळीचं वजन, वेग, खांद्याला बसणारा धक्का. टीव्हीवर लावून प्रेझेंटेशन! शेवटच्या ओळीत काकांच्या स्वतःच्या रायफलीचं काडतूस होतं, थ्री हंड्रेड मॅग्नम. त्याचा धक्का इरासाठी बघत होतो त्या टू फॉर्टी थ्रीच्या जवळजवळ तिप्पट.

"ती शेवटची ओळ काढ," काका म्हणाले.

"कम्पॅरिझनसाठी आहे, काका."

"माझं कशाला कम्पॅरिझन? पोरीचं चाललंय ना?"

तेवढ्यात इराने शाळेतल्यासारखा हात वर केला. "विच वन वोन्ट मेक मी स्केअर्ड ऑफ द नेक्स्ट वन?"

पहिल्या धक्क्याचं काही नाही, दुसऱ्याची भीती कशाने बसणार नाही, ते सांगा. निनाद बराच वेळ कॉलम शोधत राहिला. काका पाणी प्यायला उठून गेले.

*

तिप्पट म्हणजे किती, ते निनादने स्वतःवरच करून पाहिलं. त्याच्याकडे शिकारीचं लायसन्स होतं, माझ्याकडे नुसती वही. "फील घेतो फक्त," म्हणत त्याने काकांच्या मॅग्नमवरच्या दुर्बिणीला डोळा लावला, जरा जास्तच जवळ. चाप ओढताच दुर्बीण मागे आली आणि भुवईवर अर्धचंद्र कोरून गेली.

त्याच आठवड्यात ऑफिसची पिकनिक. मॅनेजरने आधी त्याच्या भुवईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

निनाद खो खो हसत सुटला. मी नेहमीसारखी गप्प होते. त्याने संशय वाढला असावा.

*

बंदुकांच्या दुकानात काकूही आल्या. काउंटरमागे रॉन, पांढऱ्या दाढीचा, घाई नसलेला माणूस. काकूंनी सगळ्यांत हलकी रायफल उचलली. "हीच द्या. पोरीला ओझं नको."

रॉन म्हणाला, काडतूस तेच असलं तरी हलकी रायफल जास्त लाथ मारते, जड रायफल तो धक्का स्वतःच पिऊन टाकते. काकूंना हे पटेना. जड वस्तूने पोरीला कमी लागेल? मग एकदम म्हणाल्या, "थांब, थांब. हलका पोळपाट ओट्यावर सरकतो, तसं?"

पोळपाटाला इंग्लिशमध्ये काय म्हणायचं यावर निनाद अडला. काकू पुढच्या शनिवारी पोळपाटच घेऊन गेल्या. संगमरवरी. शेजारी एक लाकडी. दोन्हींना अंगठ्याने सारखाच धक्का दिला.

रॉनने दोन्ही पोळपाट आठवडाभर काउंटरवर ठेवून घेतले. गिऱ्हाइकांना दाखवायला!

*

काडतूस एकदाचं टू फॉर्टी थ्री ठरलं. रायफल मात्र काकांनी मोठ्या माणसाच्या मापाची उचलली.

"वाढत्या अंगाचं घ्यावं. वर्षभरात उंच होईल."

मला हसू आलं. पाचवीचा युनिफॉर्म मी बाह्या दुमडून सातवीपर्यंत घातला आहे. पण इराने रायफल खांद्याला लावली तर तिचा गाल दुर्बिणीपर्यंत पोचेना, हात पूर्ण ताणलेला.

रॉनने ती शांतपणे तिच्या हातातून घेतली. "हा रेनकोट नाही, सर. खांद्यात नीट बसली नाही तर छोटा धक्कासुद्धा मोठा लागतो."

मग त्याने खांद्याला टेकणारा दस्ता आखूड असलेली रायफल काढली आणि सोबत एक पाकीट दिलं. त्यात बोटभर जाडीच्या दोन प्लेट्स. मूल वाढेल तशा दस्त्याला लावत जायच्या.

"म्हणजे वाढत्या अंगाचंच झालं की!" काका खूश झाले. पाकीट त्यांनी रेंजच्या बॅगेत टाकलं.

*

तरी काकांचं समाधान होईना. इराच्या गोळ्या कागदी हरणाच्या छातीवर, वाटीएवढ्या गोलात पडत होत्या. माझ्या वहीत लिहिलेलं आहे. काका म्हणायचे, "बघू अजून. काडतूस बदलावं का? घाई नको." सीझन चार आठवड्यांवर आला होता. इराने विचारणं बंद केलं होतं.

एका संध्याकाळी काकू घेवडा निवडत होत्या, मी समोर बसले होते. त्या आपणहून बोलायला लागल्या. माझ्यासमोर लोक बोलतात.

"दोन वर्षांपूर्वी यांनी एका हरणीवर गोळी झाडली. लागली, पण नीट नाही. ती पळाली. दोन दिवस शोधलं गं यांनी. कंदील घेऊन, वाकून वाकून, रक्ताचा एकेक थेंब बघत. तिसऱ्या दिवशी पाऊस आला आणि माग धुऊन गेला." त्यांनी एका शेंगेची शीर ओढली. "परत आले ते बुटांसकट सोफ्यावर बसून राहिले. तेव्हापासून शिकारीला नाही गेले. विचारलं की म्हणतात, डोळ्यांनी दिसत नाही."

"आणि खरंच दिसत नाही?"

"मोतीबिंदू काढून दीड वर्ष झालं!"

मी एक मूठ घेवडा पुढे ओढला. आम्ही दोघी निवडत राहिलो.

*

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार. रॉनने काकांना दोन डमी काडतुसं दिली होती. आत दारू नाही, काही नाही. नेमबाजाची पाठ असताना दुसऱ्याने भरायचं. खरं भरलं की डमी, ते सांगायचं नाही. डमीवर चाप ओढला तर नुसती टक् होते. धक्का नसताना नळी हलली, तर ती माणसाच्या भीतीने हलली. खऱ्या गोळीच्या दणक्यात ते कधीच दिसत नाही.

इराने पाठ केली. काकांनी भरलं. पहिली खरी. दुसरी खरी. तिसरी, टक्. नळी जागची हलली नाही. मी लिहिलं: तीन, डमी, स्थिर.

"झालं!" काका म्हणाले. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

"नाऊ यू, आजोबा."

"परीक्षा तुझी आहे, माझी नाही."

"इन नोव्हेंबर, यू विल बी नेक्स्ट टू मी," इरा म्हणाली.

काकांनी आपली मॅग्नम टेबलावर ठेवून पाठ केली. इराने भरलं. काका बसले, दस्ता खांद्याला लावला, श्वास अर्धा सोडला.

टक्.

नळी वीतभर खाली गेली. काकांचे डोळे घट्ट मिटलेले होते. खांदा पुढे आलेला, न आलेल्या धक्क्याला अडवायला.

निनाद आकाशाकडे बघायला लागला. मी पेन्सिल वहीवर टेकवली होती, ती तशीच राहिली. काकांनी डोळे उघडले, पण दस्त्यावरून गाल काढला नाही.

इराने डमी बाहेर काढली, मॅग्नम त्यांच्या हातातून घेऊन बाजूला ठेवली. मग बॅगेत हात घालून ते पाकीट काढलं, स्क्रूड्रायव्हर काढला, आणि स्वतःच्या रायफलीचा दस्ता उघडून एक प्लेट बसवली. मग दुसरी. स्क्रू पिळताना तिची जीभ ओठाबाहेर आली होती. काका बघत होते.

तिने रायफल त्यांच्यासमोर ठेवली. "वाढत्या अंगाची आहे," ती म्हणाली. मराठीत.

काकांनी दस्त्यावरून हात फिरवला. मग उठले, पार्किंगकडे तोंड करून उभे राहिले, दोन्ही हात पाठीमागे.

"भर," ते म्हणाले. "आणि काय भरलंस ते सांगू नकोस."