व्याह्यांची हालमड्डी

आमचे पूर्वज म्हैसूरच्या घोडदळात होते. घोडे गेले, ऐट राहिली, आणि अप्पांनी उदबत्त्यांचा कारखाना काढला. कारखाना म्हणजे आमचं परसू आणि काड्या वळायला येणाऱ्या गल्लीतल्या बाया. अप्पा मात्र त्याला कंपनी म्हणत. कंपनीचं धोरण त्यांनी आईला चुलीपाशी समजावून सांगितलं होतं: जिथून माल घ्यायचा आणि जिथे विकायचा, तिथे सोयरीक करायची. परका फसवतो, सोयरा फसवत नाही.

म्हणून अक्का शिमोग्याला दिली. तिच्या सासऱ्यांचा हालमड्डीचा व्यापार होता. हा मलनाडच्या रानातला चिकट डिंक. तो खोटा असला की उदबत्ती जळते, पण सुवास येत नाही. माझ्यासाठी बंगळुरातलं एक दुकान हेरून ठेवलं होतं. मुलगा कसा आहे हे कोणी विचारलं नव्हतं. दुकान मोक्याचं होतं.

पहिली खेप उत्तम आली. पुढे डब्यांत माती निघू लागली. परक्याचे डबे अप्पांनी त्याच्या दारात नेऊन आपटले असते, पण व्याह्यांपुढे मुलीच्या बापाने मान वर करायची नसते. आपलेच दात, आपलेच ओठ. अप्पा ‘माल पोचला, आनंद आहे’ असं कळवत, डबे परसात रचत आणि बाजारातून दुसरा डिंक आणत.

गौरीच्या सणाला अक्का माहेरी आली. परसात हात धुवायला गेली आणि डबे बघून आली. अप्पा जेवत होते.

“अप्पा, हे का ठेवलंय?”

“तुला त्रास नको म्हणून, पुट्टी.”

“परत पाठवलं असतं तर एक दिवस बोलले असते. तुम्ही सुम्ने, गुपचूप ठेवून घेता, म्हणून रोज हसतात तिथं. हिच्या बापाला काय दिलं तरी चालतं, म्हणतात.”

ती आवाज न चढवता बोलली. मला अप्पांचा राग आला, आणि त्याहून जास्त कीव आली. त्यांनी ताट सारलं.

अक्का निघाली त्या दिवशी तिच्याच गाडीच्या मालडब्यात सगळे डबे चढवले. आई काळजीने रडत होती. अप्पा खिडकीशी गेले.

“सासऱ्यांना सांग, माल परत पाठवलाय.” मग म्हणाले, “आणि तुला कोणी काही बोललं, तर तूही परत ये.”

दिलेल्या लेकीला असं सांगणारा बाप आमच्या घराण्यात मी तोवर पाहिला नव्हता.