काडेपेटीएवढी डबी

बॉनेट उघडून मी ती काडेपेटीएवढी डबी तळहातावर धरून बघत होतो. सेन्सरची वायर सोडवायची आणि मध्ये ही चिप जोडायची, एवढंच काम. मग ती इंजिनला खोटंच सांगत राहते की डिझेल कमी पडतंय, आणि इंजिन इरेला पेटल्यासारखं जोर लावतं.

मेव्हण्याच्या लग्नात, भर पंगतीत, माझा साडू म्हणाला होता, ‘घासाघीस करून घेतलेली गाडी घाटात धापा टाकणारच, दादा!’ सासरेसुद्धा हसले. ते वाक्य तेव्हापासून माझ्या आत असंच कुठेतरी जोडलं गेलंय. काही कमी नसताना कमी पडतंय म्हणून सांगत राहतं. माझं पहिलं दुकानही असल्याच एका टोमण्यावर उभं राहिलं. कौतुकाच्या जोरावर मी आयुष्यात एक वीटही रचलेली नाही.

चिप खट्टकन बसली. तेवढ्यात बायको हळदीकुंकू आणि नारळ घेऊन पार्किंगमध्ये आली.

‘अहो, उद्या माझ्या बहिणीची नि भावजींची गाडीही आपल्याबरोबरच निघतेय माहेरी. नारळ आत्ताच फोडायचा ना?’

‘घाटमाथ्यावर फोडू,’ मी बॉनेट आपटलं. ‘खोबरं खाऊन होईपर्यंत तरी येईल तो वर.’