ढगांवरची पायमशीन

औशाच्या शांतम्मांनी पस्तीस वर्षं पायमशीनवर लोकांचे कपडे शिवले. साठी उलटल्यावर त्या लेकीकडं अमेरिकेला निघाल्या. विमानाच्या खिडकीखाली पांढऱ्या मलमलीचा तागा उलगडावा तसे ढग पसरले होते आणि दिवस काही केल्या मावळत नव्हता. बसल्या बसल्या त्यांचे पाय हलू लागले, पुढच्या खुर्चीला धक्का न लावता.

"मावशी, काय करायलात?" शेजारी बसलेल्या लातूरच्या शिवानीनं विचारलं. तिचे बूट घट्ट झाले होते.

"मशीन चालवायलेय. पाय सुजत न्हाईत. तू बी चालव."

शिवानी हसली आणि तिनंही पाय चालवले. दोघी जणू ढगच शिवत होत्या. हळूहळू शिवानी त्यांच्या खांद्यावर कलंडली. शांतम्मांनी तिच्या डोळ्यांवरचं ऊन पाहून खिडकी अलगद झाकली आणि खांदा तसाच ठेवला.