लाइमोनिसचे आजोबा

चौसाळ्यात मन्मथअप्पांच्या दुकानात पोलक्याचं कापड घ्यायला गेलेल्या बाईला आधी नातवाचं नाव ऐकावं लागे. "लाइमोनिस," गज हातात धरून अप्पा सांगत. "लाइमे म्हंजे नशीब, सुख. त्याच्यावरून लाइमोनिस. तिकडं लायमा नावाची देवी हाय. लेकरू जन्मलं का येती आन् त्याचं नशीब ठरवून जाती. म्हंजे आपली सटवाईच की." बाई मान डोलवी आणि निमूट कापड घेई.

मी शेजारचा शाळामास्तर, त्यामुळे माझी पारायणं झाली होती. अप्पांचा एकुलता एक विश्वनाथ रशियाच्या शिष्यवृत्तीवर रिगाला डॉक्टर व्हायला गेला. इकडे अप्पांची बायको वारली, तिकडे देशच फुटला आणि लातविया वेगळा झाला. विश्वनाथनं तिथलीच मुलगी केली आणि तिथंच राहिला.

नातू झाल्याचं कळताच अप्पांनी जंगमस्वामींकडून त्याच्यासाठी इष्टलिंग करवून घेतलं. लिंगायतांत ते जन्मल्यावर लवकरच बाळाच्या गळ्यात बांधतात. बाळ इथं नव्हतं, म्हणून अप्पांनी ते आपल्याच गळ्यात, स्वतःच्या लिंगाशेजारी घातलं आणि रोज दोन्ही लिंगांची पूजा सुरू केली. "त्याची ठेव हाय, गुरुजी. उन्हाळ्यात आला की त्याच्या गळ्यात घालून मी मोकळा." असे कितीतरी उन्हाळे आले नि गेले.

मग गावात परदेशी फोन लागणारं बूथ निघालं. "आता जग लई जवळ आलंय म्हणत्यात," म्हणत अप्पा मला घेऊन गेले. नातू फोनवर आला. त्याला मराठी येईना, अप्पांना त्याची भाषा येईना. दोघांना ठाऊक असलेला शब्द एकच, त्याचं नाव. अप्पा तेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. पोर कंटाळलं असावं, कारण थोड्या वेळानं अप्पा विश्वनाथला "बरं, बरं" म्हणू लागले.

बाहेर येऊन पायरीवर बसले. "येनार न्हाई म्हणला विश्वनाथ. कवाच न्हाई. नाव नातवाचं, नशीब बी त्याचं. आपल्या वाट्याला निस्ता अर्थ आला, गुरुजी."

पुढे दुकानात ते नाव निघालं नाही. अप्पा कापड मोजायचे, फाडायचे, द्यायचे. मला विश्वनाथचा संताप येई, त्या बूथचाही येई. पूजा मात्र दोन्ही लिंगांची चालूच होती.

अप्पा गेले. विश्वनाथला कळवलं, तो आला नाही. समाधीच्या खड्ड्यात अप्पांना बसवलं, रिवाजाप्रमाणे त्यांचं लिंग डाव्या तळहातावर ठेवलं. तेवढ्यात स्वामींच्या हाताला गळ्यातलं दुसरं लागलं. जुने स्वामी वारले होते, हे नवे.

"हे कुनाचं?"

"नातवाचं," मी म्हणालो. "लाइमोनिसचं."

"घ्यायला कोन हाय?"

कुणी पुढं झालं नाही. स्वामींनी तेही त्याच तळहातावर ठेवलं. "नाव येगळंच हाय. म्हंजे काय?"

चौसाळ्यातल्या बाया-बापड्यांना पाठ असलेला तो अर्थ मला तिथं सांगवेना. स्वामींनी माती लोटायला सांगितली.