दाराला कडी नव्हती

मोरावा नदीवरचं धुकं दुपार झाली तरी विरलं नव्हतं. रादोय्काने संत निकोलाच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली, शिजवलेल्या गव्हात अक्रोडाचा कूट आणि साखर कालवली, आणि दाराची कडी काढून ठेवली. घरच्या संताच्या सणाला कुणाला आवतण द्यायचं नसतं. आठवण असेल तो येतो, आणि आला तो देवाचा.

दोन वर्षांमागे तिची लेक विश्न्या नोकरीसाठी परदेशी त्रिएस्तला निघाली, तेव्हा रादोय्का बोलून गेली होती, "जातेस तर परत येऊ नकोस." जिभेला हाड नाही म्हणतात ते असं. लेकीने शब्द धरून ठेवला, फोनसुद्धा नाही.

धागा उरला एकच. सात खंडांची ती जादूच्या राज्याची कादंबरी दोघी पूर्वी एकाच पांघरुणात वाचायच्या; शेवटचा खंड तेवढा यायचा होता. आता इंटरनेटवरच्या वाचकांच्या कट्ट्यावर टोपणनावांनी वाद घालायच्या. पलीकडे कोण आहे ते दोघींना ठाऊक. बोलून दाखवत कुणीच नव्हतं.

वाद होता भाकिताचा. 'न बोलावता येईल, त्याच्यापुढे ज्योत झुकेल.' हा तारणहार कोण? सगळे म्हणत, कुंभाराचा पोर. रादोय्का म्हणे, वादळात किल्ल्याच्या दारात आलेला अनोळखी माणूस.

"मावशी, तो हेर आहे हेर! त्या राज्यात आगंतुकाचं मुंडकं उडवतात," एकाने लिहिलं.

"आमच्याकडे गहू वाढतात," तिचं उत्तर.

मग महिन्याभरापूर्वी विश्न्याने लिहिलं, "आणि 'येऊ नकोस' असं सांगितलेलं असेल तर?"

रादोय्काने तीन दिवस लिहिलं, पुसलं. ये म्हणावं तर सणाची रीत मोडते, न म्हणावं तर लेक जाते. अखेर एवढंच लिहिलं, "किल्ल्याच्या दाराला कडी नव्हती. पुन्हा वाचा."

पाद्री पाव कापून, आशीर्वाद देऊन गेले. शेजारचे स्तोयान माशांचं सार ओरपत म्हणाले, "वहिनी, तुमचं लक्ष सारात नाही, दारात आहे."

"काटा अडकेल, भाऊजी. मुकाट्याने खा."

खिडकीबाहेर सगळं पांढरं, जणू गाव कुणीतरी दुधात बुडवून ठेवलेलं. त्या पांढऱ्यातून दार लोटलं गेलं. वारा आत शिरला आणि मेणबत्तीची ज्योत आडवी झाली, पण विझली नाही. दारात विश्न्या. केसांवर गोठलेलं दव, काखेत नुकताच आलेला सातवा खंड.

"आई, तुझं साफ चुकलंय. तो हेरच निघाला. पान दोनशे बारा."

रादोय्काने छातीवर क्रुसाची खूण केली आणि चमचा पुढे धरला. "आधी गहू खा."

विश्न्यानेही तशीच खूण केली, गहू खाल्ला. डोळे भरले ते अक्रोडाने नव्हे.

"जाड दिसतंय गं पुस्तक," आई म्हणाली.

"अजून चारशे पानं आहेत. मीही पुढचं वाचलेलं नाही."

"मग कशाला मिरवतेस? किती दिवस आहेस?"

"हे संपेपर्यंत."

रादोय्काने चष्मा लावला, पहिलं पान उघडलं आणि एकेक शब्द बोटाने दाखवत, पहिलीतल्या पोरीसारखी वाचू लागली.